आधी उंची मोज, मग दोन एकरांचं बोलू

पत्र: मी बार्शीची. बारावी सायन्सची परीक्षा दिली, नुकतीच अठरा पूर्ण झाले. एनडीएची (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा पास झाले आहे. पहिली पसंती हवाई दल, फ्लाइंग अशी भरली होती. जुलैअखेर म्हैसूरला एसएसबीसाठी (पाच दिवसांची निवड चाचणी) बोलावणं आलं आहे. मधल्या काळात पुण्याच्या काकांनी एका एजंटाकडून फ्लाइंग स्कूलची माहिती आणली. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) आणि टाइप रेटिंग (अमुक एका विमानाचं प्रशिक्षण) धरून साठ ते सत्तर लाख. १५ जुलैपर्यंत दोन लाख भरून सीट पक्की करायची म्हणतात. काकांचं म्हणणं, ‘दोन एकर काढू, पाच वर्षांत पोरगी फेडेल. फौजेत राहून काय मिळतं?’ बाबांचं आडत दुकान आहे. ते काही बोलत नाहीत, पण रात्री उठून ओट्यावर बसतात. आजीला दोन्ही नको आहे. माझा विचार असा, की आधी हवाई दलात फुकट विमान शिकावं आणि मग एअरलाइनला जावं. हे जमेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर:

तुझं मूळ पत्र चार पानी. वर त्यातलं कामापुरतं दिलंय. चार पानांत काकांच्या मोबाइलवर आलेला कॅप्टनचा पगार आहे, जमिनीचा भाव आहे, आजीचं मतही आहे. तुझी उंची मात्र कुठेच नाही. चष्मा आहे का, तेही नाही. आणि पोरी, नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

आज संध्याकाळी एक काम कर. सुताराकडचा स्टीलचा टेप आण. अनवाणी, टाचा भिंतीला लावून ताठ उभी राहा आणि आईला डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलीची खूण करायला सांग. हवाई दलाच्या फ्लाइंगसाठी १६२.५ सेंटीमीटर लागतात. मुलींना यात सवलत नाही. मग भिंतीला पाठ टेकून, पाय सरळ पसरून जमिनीवर बस. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर ९९ ते १२० सेंटीमीटरमध्ये बसलं पाहिजे आणि भिंतीपासून गुडघ्यापर्यंतचं ६४ च्या वर जाता कामा नये. बसल्यावर डोक्यापर्यंतची उंचीही मोजतात, ती ८१.५ ते ९६. हा छळ कुणी गंमत म्हणून करत नाही. पाय पेडलला पोचायला हवेत, आणि लढाऊ विमानातून वैमानिक सीटसकट बाहेर फेकला जातो तेव्हा गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटून चालत नाहीत. डोळ्यांचं म्हणशील तर एनडीएतून फ्लाइंगला मायनस नंबर चालत नाही. रंग ओळखण्याचीही कडक तपासणी असते.

एअरलाइनच्या बाजूला ही मोजपट्टी नाही. तिथे चष्म्यानं नजर पूर्ण दुरुस्त होत असेल तर चष्मा चालतो. सांगलीकडचा एक मुलगा माझ्या ओळखीचा. एसएसबी पार केली आणि मेडिकलला मांडी दीड सेंटीमीटर लांब भरली. घरी येऊन आठ दिवस कुणाशी बोलला नाही. आज तो एअरबस उडवतो. म्हणजे काही जणांसाठी हा निर्णय टेपनंच होऊन जातो, आणि आपण उगाच रात्र रात्र जागतो. तुझं माप बसत नसेल तर पुढचं निम्मं उत्तर तुझ्या कामाचं नाही. बसत असेल असं धरून लिहितो.

म्हैसूरला जायचं. यावर मला फार बोलायचंही नाही. जाण्यायेण्याचा पहिला खर्च तेच देतात, पाच दिवस राहणं-खाणं त्यांचं, आणि एनडीएचं दार वयानं आपोआप बंद होतं. साडेएकोणीसच्या पुढे ते कुणालाच उघडत नाही. सीपीएलचं दार अठराव्या वर्षी उघडतं आणि उघडंच राहतं. पंचविशीत, तिशीतही लोक सीपीएल करतात. घाई आहे ती त्या एजंटाला.

आता कडू भाग. अलीकडच्या एनडीएच्या जाहिराती यूपीएससीच्या साइटवर काढून बघ. हवाई दलाच्या फ्लाइंगच्या ९२ जागा, त्यातल्या मुलींसाठी २. दोन. देशभरातून. एसएसबीत तुझी शिफारस झाली, मेडिकलही झालं, तरी मेरिट लिस्टमध्ये तुझ्यापुढे दोघी असल्या की त्या फेरीत फ्लाइंग गेलं. मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्याला आली, मे २०२५ मध्ये त्यातल्या सतरा जणी बाहेर पडल्या, सगळ्या पेपरांत फोटो आले. ते खरंच आहे आणि कौतुकाचंच आहे. पण फोटोत जागांची संख्या दिसत नाही. तू नापास होशील म्हणून हे सांगत नाही. जमलं नाही तर स्वतःला नालायक ठरवू नकोस आणि त्या रागात १५ जुलैच्या माणसाला फोन करू नकोस, एवढ्यासाठी सांगतोय.

दुसरी गोष्ट कोचिंगवाले दबक्या आवाजात सांगतात, मी मोठ्यानं सांगतो. ज्यांची फ्लाइंगसाठी शिफारस होते त्यांची सीपीएसएस नावाची परीक्षा होते. कॉम्प्युटरसमोर स्टिक आणि पेडल घेऊन बसायचं, डायल वाचायचे, एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं. ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते. नापास झालात तर एनडीए, एएफकॅट (पदवीनंतरची हवाई दलाची परीक्षा), एनसीसी, कुठल्याच वाटेनं परत फ्लाइंगला बसू देत नाहीत. तिची घोकंपट्टी होत नाही. आदल्या रात्री खोलीतल्या मुलींबरोबर दोन वाजेपर्यंत गप्पा मारू नकोस, एवढीच माझी तयारीची शिकवणी. आणि पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगला परत पाठवलं तर वाईट वाटेल, पण ही एकुलती संधी तशीच शिल्लक राहते हे लक्षात ठेव.

एनडीएतून नाही झालं तर हवाई दल संपत नाही. पदवी साठ टक्क्यांनी कर आणि एएफकॅट दे. फ्लाइंगसाठी वय २० ते २४, आणि हातात डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, चालू सीपीएल असेल तर २६ पर्यंत. म्हणजे सीपीएल केलं म्हणून फौजेचं दार बंद होत नाही, उलट दोन वर्षं वाढवून मिळतात. हे काकांनाही सांग. पदवीसाठी कॉलेज निवडताना एनसीसीची एअर विंग कुठे आहे ते बघ. तिथे मायक्रोलाइटमध्ये बसायला मिळतं, ‘सी’ सर्टिफिकेट मिळालं तर फ्लाइंगला वेगळा प्रवेशही आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पोटात ढवळतं का, ते साठ लाख घालायच्या आधी कळतं.

आता तुझ्या ‘फुकट’वर येतो.

जमेल का, विचारतेस. जमतं. मीच केलंय. बावीस वर्षं हवाई दलात, त्यातली बहुतेक एएन-३२ या मालवाहू विमानावर, आणि मग एअरलाइनमध्ये एअरबस. म्हणून तर मला तो शब्द टोचला.

हवाई दलात तुला विमान शिकवतात ते अधिकारी म्हणून. खडकवासल्याची तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडीगल. तिथे पिलाटस या शिकाऊ विमानावर पहिली उड्डाणं. त्यानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशी वाटणी होते. पसंती विचारतात, पण ठरवतात ते, तुझ्या कामगिरीवर आणि त्यांच्या गरजेवर. हेलिकॉप्टर मिळालं तर एअरलाइनचा तुझा बेत तिथेच कोलमडला, कारण एअरलाइनला विमानाचं लायसन्स लागतं, ते वेगळं काढावं लागतं. फायटर मिळालं तर जगातलं सगळ्यात देखणं काम मिळालं, पण तास कमी भरतात. एअरलाइनचा पायलट वर्षाला नियमानं हजार तासांपर्यंत उडू शकतो, फायटरवाल्याचे त्याच्या जवळपासही होत नाहीत. एअरलाइन तास मोजते, तुझी छाती किती इंच फुगली ते मोजत नाही. आणि शिकतानाच फ्लाइंगमधून काढलं तर दुसऱ्या शाखेत जावं लागतं. दर कोर्सला एखाद-दुसऱ्याच्या वाट्याला ते येतं. आमच्यातल्याही एकाच्या आलं. पुढे तो उत्तम अधिकारी झाला, पण ती संध्याकाळ मला अजून आठवते.

बाहेर पडणंही आपल्या मर्जीवर नसतं. एनडीएतून गेलीस तर पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी. पेन्शनसाठी वीस वर्षं. त्याआधी सोडायचं तर अर्ज करायचा आणि वाट बघायची, हवाई दलाला पायलट कमी पडत असतील तर अर्ज पडून राहतो. एएफकॅटनं शॉर्ट सर्व्हिस घेतलीस तर चौदा वर्षं, पेन्शन नाही. म्हणजे छत्तिशी-सदतिशीत तू नव्यानं डीजीसीएचे पेपर देत असशील. मी त्रेचाळिसाव्या वर्षी एअर रेग्युलेशन पाठ करत होतो, मुलगी शेजारी दहावीचा भूगोल. एअरलाइनमधल्या माझ्या पहिल्या फ्लाइटला कॅप्टन एकोणतीस वर्षांचा होता. ब्रीफिंग रूममध्ये तो मला ‘सर’ म्हणाला, कॉकपिटचं दार लागल्यावर मी त्याला. आम्ही दोघंही हसलो, पण सिनिऑरिटी ही सिनिऑरिटी. तुझ्या वर्गातली एखादी वीस-बाविसाव्या वर्षी एअरलाइनला लागली तर तू येशील तेव्हा ती केव्हाची कॅप्टन झालेली असेल.

मग मी बावीस वर्षं का थांबलो? सांगतो. डिसेंबरातली पहाट, चंदीगडहून निघून लेहला उतरायचं. धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून जास्त उंचीवर, चारी बाजूंनी डोंगर, एका दिशेनं उतरायचं आणि उलट दिशेनं निघायचं. दुपार चढली की वारा सुटतो, म्हणून सगळा कारभार सकाळी. मागं रजेवरून परतणारे जवान, कोबीची पोती, औषधांचे खोके. इंजिनं फिरतीच ठेवून सामान उतरवायचं, कारण त्या थंडीत, त्या उंचीवर बंद केलेलं इंजिन परत रुसलं तर मुक्काम ठरलेला. एकदा पोती उतरल्यावर एक सातारचा हवालदार कॉकपिटखाली येऊन नुसता हात जोडून उभा राहिला, आवाजात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. एअरलाइनमध्ये मला याच्या कितीतरी पट पगार मिळाला. ते मात्र मिळालं नाही.

पण तेही रोजचं नसतं. हवाई दलातला पायलट सकाळी उडतो आणि दुपारी हरवलेल्या ताडपत्रीची कोर्ट ऑफ इन्क्वायरी करतो. मी दीड वर्ष मेस सेक्रेटरी होतो. कांद्याचा भाव मला तुझ्या बाबांइतकाच तोंडपाठ होता. ऑर्डर्ली ऑफिसर म्हणून रात्रभर जागायचं, स्टेशनच्या क्रीडास्पर्धा भरवायच्या, हाताखालच्या एअरमनच्या घरचं भांडण मिटवायचं. दर दोन-तीन वर्षांनी बदली. ज्याला निव्वळ उडायचंय त्याला हे सगळं लोढणं वाटतं. अशा माणसानं तिथे जाऊच नये. तो स्वतः कुढतो आणि स्क्वाड्रनलाही नकोसा होतो. आणि वर्दी काय कामासाठी असते ते तुला मी सांगायला नको. त्या कामाचं मनातून वावडं असेल तर एसएसबीतले मानसशास्त्रज्ञ ते हुडकतात. हुडकलं नाही तर पुढे तुला जास्त त्रास होईल.

पैशाचं काका बोलतात ते निम्मं खरं आहे. फौजेत सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१००, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, फ्लाइंगचा भत्ता निदान २५,०००, वर महागाई भत्ता. घर, दवाखाना, कँटीन वेगळं. बार्शीत कुणीही याला चांगलं म्हणेल. एअरलाइनचा कॅप्टन याच्या कितीतरी पुढे जातो, वाद नाही. पण काकांनी हिशेबाला सुरुवात कॅप्टनपासून केली आहे. तू सुरुवात दोनशे तासांपासून कर.

सीपीएलला दोनशे तास लागतात. त्यानंतर अमुक एक विमान उडवायचं टाइप रेटिंग, तेही बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. एवढं करून हातात येतं ते लायसन्स, नोकरी वेगळी. साठ लाखांचं कर्ज अकरा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिना ८२-८३ हजार. नोकरी लागो न लागो. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, मैत्रिणीचा मावसभाऊ सीपीएल करून दोन वर्षं घरी बसलाय. ती ओळ तू कंसात टाकलीस. मी तिला कंसाबाहेर काढली असती.

एजंट म्हणेल, पायलटांची टंचाई आहे, डिसेंबर २०२५ मध्ये नाही का इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली! झाली. विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, आठवड्याची सुट्टी ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली आणि वैमानिक कमी पडले. पण टंचाई असते ती अनुभवी कॅप्टनांची. दोनशे तासवाल्यांची रांग दाराबाहेरच असते. कॅप्टन कमी पडले म्हणून रांगेतल्या पोराला कुणी उद्या कॅप्टन करत नाही. आणि दुकानं बंदही पडतात. किंगफिशर २०१२ ला, जेट २०१९ च्या एप्रिलमध्ये, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. जेटमध्ये आयुष्य गेलेली माणसं रस्त्यावर आली होती, पगार थकलेले. हवाई दल बंद पडत नाही.

तरी मी एअरलाइनला नावं ठेवणार नाही. पहाटे तीन-चाळीसला गाडी दारात, विमानतळावर फुंकर मारून दारूची तपासणी, चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, परत घरी. दार लावलं की काम संपलं, ताडपत्री नाही, कांदे नाहीत. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, दर वर्षी मेडिकल. नोकरी पासष्टीपर्यंत. ज्यांना एका शहरात घर करायचंय, आईवडील जवळ हवेत, त्यांच्यासाठी ही साधी, नेटकी नोकरी आहे. आपल्या देशात एअरलाइनमध्ये बायका पायलट जगाच्या सरासरीच्या कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे आजीची ‘बाईच्या जातीला’ ही काळजी तिथे कुणी मनावर घेत नाही. धोक्याचं म्हणशील तर जून २०२५ ला अहमदाबादला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. फौजेत धोका जास्त, हे खोटं कशाला सांगू? फायटरला तर नक्कीच.

मग करायचं काय?

दोन लाख भरायचे नाहीत. एजंट म्हणेल सीट जाईल, तर जाऊ दे. त्याऐवजी डीजीसीएचं मेडिकल करून घे, आधी क्लास टू (प्राथमिक), मग क्लास वन (सीपीएलला लागतं ते). काही हजारांत काम होतं. क्लास वन हातात नसताना फ्लाइंग स्कूलला एक रुपया देऊ नये, हा माझा नियम. लाखो रुपये भरल्यावर हृदयाचा ठोका चुकतो म्हणून अनफिट ठरलेली पोरं मी पाहिली आहेत. हेच मेडिकल तुला हवाई दलासाठीही डोळ्यांचा अंदाज देईल.

म्हैसूरहून आल्यावर, निकाल काहीही लागो, बाबांना घेऊन बारामतीला नाहीतर गोंदियाला जा. ऑफिसात बसू नकोस, तिथे चकचकीत माहितीपत्रक देतील. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बस. पांढऱ्या शर्टातली, खांद्यावर पट्ट्या लावलेली पोरं येतील. त्यांना दोनच प्रश्न विचार: येऊन किती महिने झाले? तास किती झाले? चौदा महिन्यांत साठ तास असं कुणी म्हणालं तर समज, विमानं हँगरमध्ये उभी आहेत, नाहीतर इन्स्ट्रक्टर नाहीत. डीजीसीए २०२५ पासून स्कूलांची प्रतवारी जाहीर करते. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही स्कूल नव्हतं. ती यादी एजंटाच्या माहितीपत्रकाला टाचणीनं लावून काकांना पाठव. सरकारी स्कूल हवं तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षेनं मिळतो.

आणि जमीन. यावर खरं तर मला बोलायचा अधिकार नाही, पण तू विचारलंस. बाबा रात्री ओट्यावर का बसतात ते तुला कळलंय, म्हणूनच तू ते लिहिलंस. जमीन विकणं आणि कर्ज काढणं यात कमी वाईट काय, हा प्रश्न तीन वर्षांनी विचारायचा. तेव्हा हातात पदवी असेल, क्लास वन असेल, एनसीसीत पोटाची परीक्षा झालेली असेल, सीपीएलचे डीजीसीएचे पेपर घरी अभ्यास करून निघालेले असतील. ते पेपर विमानात न बसताही देता येतात, सत्तर टक्के लागतात. एवढं करून तू म्हणालीस, की आता विकूया, तर बाबा बहुधा स्वतःच सातबारा काढून आणतील. आज ते अठरा वर्षांच्या पोरीच्या हौसेवर विकतील आणि तुला पुढची दहा वर्षं त्या दोन एकरांवरून चालल्यासारखं वाटेल.

एक शेवटचं, म्हैसूरचं. पांढरे कॅनव्हासचे बूट लागतात, ते आदल्या दिवशी नवे कोरे घेऊ नकोस. आत्ताच घे आणि रोज सकाळी भगवंताच्या देवळापर्यंत घालून जात जा. म्हैसूरला अडथळ्यांच्या दिवशी निम्मी पोरं टाचांच्या फोडांनी लंगडत असतात. उंचीचा आकडा मात्र त्याआधी कळव.